इतरांसारखंच

३ मार्च २०२५, सोमवार

पोहोचले इंदुरात! पुण्याहून रात्रभर बस, डोळ्याला डोळा नाही, आणि उतरल्या उतरल्या समोर पोह्यांची गाडी. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण नावाचा खमंग मसाला, शेजारी कागदावर गरम जिलबी. आमच्या बार्शीत पोह्यांबरोबर जिलबी मागितली तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील. मी दोन प्लेट खाल्ल्या.

खोली राजेंद्रनगरला, वरच्या मजल्यावर, खिडकीत कडुनिंब. ऑफिस पलासियाला. साहेबांचं नाव यशवर्धन, वय पस्तिशीचं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. सर म्हटलेलं चालत नाही. "भिया बोल यार, इथे सगळे भियाच बोलतात." इथलं मराठी ऐकायला मजा येते. क्रियापदं आपली, बाकी सगळा माल हिंदी.

काम मात्र मनापासून आवडलं. मुलं परदेशी आणि आईवडील इंदुरात, अशा घरांतल्या सहाशे चाळीस आजी-आजोबांच्या मनगटावर आमच्या कंपनीने एकेक पट्टा बांधलाय. पट्टा दर पंधरा मिनिटांनी, आणि माणूस पडला तर लगेच, इंटरनेटवरून एक चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठीत ठरलेले रकाने: धारकाचं नाव, नाडी, तापमान, जागा, वेळ. या मांडणीला जेसन म्हणतात. जेसनचा स्वभाव गरीब, त्यात कोणीही काहीही लिहावं. जानेवारीत एका पट्ट्याने नाडीचा रकाना रिकामा पाठवला, जुन्या प्रोग्रामने रिकाम्याचा शून्य केला, आणि टोरांटोत मुलाला निरोप गेला की वडिलांचं हृदय बंद पडलं. वडील तेव्हा सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात उभे होते.

म्हणून मला आणलंय. मी नवा प्रोग्राम रस्ट या भाषेत लिहिणार. ही भाषा कमालीची हट्टी. लग्नाच्या मांडवात दाराशी एक खडूस काका असतो ना, प्रत्येकाला "आपण कोणाकडचे?" विचारणारा, तसा प्रोग्राम मला उभा करायचाय. नाडी म्हणजे आकडाच हवा, नाव म्हणजे एकच नाव. जमत नसेल तर चिठ्ठी दारातूनच परत. आणि काकाने एकदा आत सोडलं की आत कोणी काही विचारायचं नाही, पंगतीत सगळ्यांना सारखंच वाढायचं.

७ मार्च, शुक्रवार

पहिली चाळणी लागली. सकाळी दोनशे बारा चिठ्ठ्या नाकारल्या गेल्या. काही पट्टे नाडीचा आकडा शब्द म्हणून पाठवतात, काहींची तारीख उलटी. एकेक प्रकार शोधून त्याला रीतसर वाट करून दिली. एका आजींच्या नावाच्या रकान्यात नातवाने मांजराचं नाव भरलं होतं. ती चिठ्ठी मात्र सुखरूप आत आलेली, कारण नावाच्या जागी नाव होतं! चाळणीला आकार कळतो, खरं-खोटं कळत नाही. हसून हसून पुरेवाट झाली.

मंजुषाताईंशी छान जमलंय. त्या नर्स आहेत, पंचेचाळिशीच्या, जन्म इथलाच. स्कूटरवरून घरोघर जाऊन सगळ्या आजी-आजोबांना बघतात. डिकीत बीपीचं यंत्र आणि त्याच्याशेजारी लाडवांचा डबा. मी दुपारी बिस्किटं खाते हे कळल्यापासून माझाही डबा आणतात. आज म्हणाल्या, "तू इतकी दुबली, तुझी आई मला बोलेल ना." आईला फोनवर सांगितलं. ती निर्धास्त झाली.

१० मार्च, सोमवार

आता दिवसाला एकच चिठ्ठी नाकारली जाते. पट्टा क्रमांक ४१७. नाडी रिकामी. तापमान चोवीस, बाहेर पस्तीस असताना. वेळ दुपारी तीन चाळीस, जागा अन्नपूर्णा मंदिरामागची एक गल्ली. शुक्रवारी, शनिवारी, रविवारीही हीच आली होती, त्याच मिनिटाला.

यश भियांना विचारलं. म्हणाले, ४१७ दौलतरावांचा. महूला शाळेत ड्रिल मास्तर होते, निवृत्त होऊन अन्नपूर्णाला घर बांधलं. डिसेंबरात गेले. मुलगा कॅनडात, घर बंद, पट्टा आपल्याच कपाटात पडलाय.

कपाटात खरंच होता. मागचं झाकण उघडून पाहिलं. आत सेलच नाही.

दुसऱ्या कुठल्या तरी पट्ट्याला चुकून हाच क्रमांक दिला गेला असणार. शोधते.

१२ मार्च, बुधवार

क्रमांक दुसऱ्या कुठल्याच पट्ट्याला नाही. आज चिठ्ठीचा आकारही बदलला. धारकाच्या रकान्यात एक नाव अपेक्षित, आली यादी. सात नावं. पहिलं दौलतराव, दुसरं जयसिंगराव, मग पाच जण, मला अनोळखी.

मंजुषाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नावं मोठ्याने वाचली, आणि पाचव्या नावाला खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, हे सगळे माझेच गं. वर्षभरात गेलेले. सातही जणांचे पट्टे मीच काढले, हात गार पडल्यावर.

कोणीतरी खोडसाळपणा करतंय. नोकरी सोडून गेलेल्यांपैकी कोणी. दुसरं काय असणार?

१७ मार्च, सोमवार

उद्या एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं बघायला येणार. त्यांना नाकारलेल्या चिठ्ठ्या शून्य हव्यात. मी म्हटलं ४१७ वर बंदी घालू. यश भिया म्हणाले, जानेवारीनंतर घरच्यांना लेखी दिलंय, एकही चिठ्ठी फेकणार नाही. मग म्हणाले, "तर त्याला एक खाना, कप्पा बनवून दे ना यार. आत घे आणि विसरून जा."

मला ते पटलं नव्हतं. इथे लिहून ठेवते, पटलं नव्हतं. पण मला ते येतही होतं. धारक आता दोन प्रकारचा केला: ‘एक’ किंवा ‘अनेक’. अनेकांना नाडी नसली तरी चालेल. चार ओळी.

मग रस्टचा हट्ट सुरू झाला. नवा प्रकार आणलास, तर जिथे जिथे धारकाचं काही होतं तिथे तिथे या ‘अनेक’चं काय करायचं ते सांग, एक जागा सुटली तरी प्रोग्राम तयार होणार नाही. बारा जागा निघाल्या. पडद्यावर दाखवायचं का? वाढदिवसाचा निरोप? दुपारी आपोआप जाणारा फोन, तब्येत बरी असेल तर एक दाबा, कोणी यायला हवं असेल तर दोन? घरी भेट? नाडी उतरली तर माणूस धाडायचा का?

प्रत्येकाचा विचार करायला वेळ नव्हता. बाराही ठिकाणी एकच लिहिलं: इतरांसारखंच.

१८ मार्च, मंगळवार

नाकारलेल्या चिठ्ठ्या शून्य! हॉस्पिटलवाले खूश. यश भियांनी कचोऱ्या मागवल्या आणि सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मंजुषाताईंनी दोन कचोऱ्या बळंच खायला लावल्या.

तीन चाळीसला पडद्यावर पाहिलं. ४१७ आत आला. सहाशे चाळिसांच्या यादीत, हिरव्या अक्षरांत, इतरांसारखाच.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

ऑफिस बंद. सगळं शहर राजवाड्यापाशी गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, रंगाचे टँकर, ढोल. यश भियांनी बोलावलं होतं. मी डोकं दुखतंय सांगून खोलीवर राहिले, लॅपटॉप उघडून.

४१७ ला आपोआप फोन गेला. दौलतरावांचा नंबर डिसेंबरात बंद झालाय. मी सकाळी लावून पाहिला होता, "यह नंबर मौजूद नहीं है."

तीन एकेचाळीसला तो फोन उचलला गेला. अकरा मिनिटं चालू होता. आपला ध्वनिमुद्रित आवाज तब्येत बरी का एवढंच विचारतो, त्याला चाळीस सेकंद लागतात. अकरा मिनिटं समोरचा काय ऐकत होता?

शेवटी बटण दाबलं गेलं. दोन.

२० मार्च, गुरुवार

मंजुषाताईंच्या उद्याच्या भेटींत एक नवी भेट आली आहे. दुपारी ३.४०, दौलतरावांचं घर. मी खोडली. पुन्हा आली. फोनवर दोन दाबलं की भेट लागते. सहाशे चाळिसांसाठी नियम तोच.

मग मी कोणाला न विचारता जुना प्रोग्राम परत चढवला, ‘अनेक’ नसलेला. तो सुरूच होईना. साठवणीत ‘अनेक’च्या चिठ्ठ्या जाऊन बसल्या होत्या, आणि जो आकार ठाऊक नाही तो वाचायला माझीच चाळणी नकार देत होती. नऊ मिनिटं सहाशे चाळीस पट्टे आंधळे. त्या नऊ मिनिटांत एक आजी न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. कोणाला कळलंच नाही.

यश भियांनी नवा प्रोग्राम परत सुरू केला. ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले, पुन्हा बंद करायचं नाही.

मंजुषाताईंना सगळं सांगितलं. जाऊ नका म्हटलं. हसल्या. "मी कशाला जाते, मला काय वेड लागलंय?"

२१ मार्च, शुक्रवार

त्या गेल्या.

साडेचारला परत आल्या तेव्हा सांगितलं. म्हणाल्या, रात्रभर डोक्यात तेच. कोणी म्हातारं माणूस खरंच त्या घरात शिरून राहत असलं तर? दोन दाबलं म्हणजे कोणीतरी बोलावलं ना. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली, आत जाऊन आल्या. काही नाही. खुर्च्यांवर चादरी, धूळ. फक्त आत गारवा होता, बरं वाटलं, मिनिटभर बसले म्हणाल्या.

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना मिठी मारली.

मग चिठ्ठी पाहिली. तीन चाळीस. आठ नावं. आठवं मंजुषा. आणि नाडीच्या रकान्यात पहिल्यांदाच आकडा. ७६.

त्यांच्या हातात आपला पट्टा नाही. कधीच नव्हता.

२२ मार्च, शनिवार

नाडी कशी बघायची शिकवा, म्हणून मी मंजुषाताईंचा हात मागितला. त्यांनी दिला. बोटं ठेवली. काहीच लागेना. त्या म्हणाल्या, "अगं तिथे नाही, इथे, अंगठ्याच्या खाली." तिथेही नाही. मग हसत त्यांनी स्वतःच बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

काटा एक फेरा फिरला. दुसरा फिरला. हसू तसंच राहिलं होतं चेहऱ्यावर, काढायचं विसरल्यासारखं.

बोटं सुन्न झालीत म्हणाल्या. एसीमुळे. डबा न उघडताच घरी गेल्या.

आजची चिठ्ठी: आठ नावं, नाडी ६१. आठ जणांत एकच.

२४ मार्च, सोमवार

सकाळी त्यांच्या नवऱ्याचा फोन. काल दुपारी जेवता जेवता उठल्या, भेट आहे म्हणाल्या, स्कूटर काढली. अजून घरी नाहीत. रविवारी कसली भेट, तो विचारत होता. मला विचारत होता.

मी बारा जागांपैकी एक उघडली. घरी भेट: ‘अनेक’ असतील तर कधीही नाही. तीनदा तपासलं. रस्टने निमूट मान्य केलं.

नाडी ४४.

२५ मार्च, मंगळवार

पोलिसांना मी चिठ्ठीतली जागा दाखवली. शेजारच्या काकूंनी दार उघडून दिलं. फाटकाबाहेर ताईंची स्कूटर. आत कोणी नाही. माळ्यापर्यंत बघितलं. मी ओसरीवर उभी होते. हवालदार येऊन म्हणाला, घर रिकामं आहे मॅडम.

ताईंचा नवरा फाटकाला धरून उभा होता. ताईंचं जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलंय म्हणाला.

३.४० ला चिठ्ठी आलीच नाही. यश भिया म्हणाले, बघ, संपलं.

२६ मार्च, बुधवार

आली.

यादी नाही. धारक: मंजुषा. एकच नाव. नाडी ३१. तापमान, जागा, वेळ, सगळं जिथल्या तिथे. काही चुकलेलं नाही. ‘अनेक’ला घातलेली बंदी हिला लागूच होत नाही. ही सरळ दारातून आली.

नाडी चाळिसाच्या खाली, म्हणून तातडीची भेट लागली. ताईंच्या जागी कालच शिखा रुजू झालीय, बावीस वर्षांची. उद्या ३.४०, तिच्या नावावर. तिने पिशवी भरून ठेवलीय. मी म्हटलं जाऊ नकोस. म्हणाली, "दीदी, पेशंटची नाडी एकतीस आहे."

बरोबर बोलली. हेच तर कळत नाहीये. एकतीस म्हणजे ताई आहेत कुठेतरी. जिवंत.

खोडली तरी पुन्हा येते; ही भेट बंद करायची तर सगळ्यांची बंद करावी लागेल. पुन्हा त्या नऊ मिनिटांसारखं. मला दुसरं काही सुचत नाही. शिखाचं नाव काढून माझं घातलं.

आईला फोन केला. काही सांगितलं नाही. जेवलीस का विचारत होती.

२७ मार्च

दु. ३.२०. अन्नपूर्णा.

यश भिया बरोबर आलेत. फाटकाशी थांबा म्हटलंय. दार सताड उघडं ठेवलंय, विटेने अडवून. मी हॉलमध्ये. लिहीत राहते, तेवढाच आधार.

चादरी. धूळ. दिवसाढवळ्या, ऊन खिडकीतून थेट फरशीवर. भ्यायचं काही नाही.

३.३४

दाराच्या आत ताईंच्या चपला. परवा पोलिसांना दिसल्या नाहीत? आत्ता मी आले तेव्हा होत्या का —

३.३७

गार होतंय. उन्हात हात धरला. ऊन लागत नाही.

३.४०

बसलेत. सगळे. पाहुणे बसतात तसे, खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर. ताई मधोमध. त्यांचं एक मनगट दौलतरावांच्या हातात, भिंतीवरच्या फोटोतलेच ते. दुसरं दुसऱ्या कोणाच्या. बाकीचे त्या हातांना हात लावून. मोजतायत.

ताईंनी मला ओळखलं. मान हलवतायत, नाही, नाही, अशी.

परवा त्या इथेच होत्या. हवालदार त्यांच्या समोरून —

दौलतराव सरकून जागा करतायत

हात पुढे

यश भिया आत आलेत. माझ्या समोर उभे आहेत. हाका मारतायत, सुरुची, सुरुची, कुठे गेली यार. मी इथे म्हणतेय. बाहीला धरलं. कळत नाही त्यांना. फोन वाजला, चिठ्ठी आली, वाचतायत. धारक सुरुची. नाडी एकशे बारा. हसले. जागेचा रकाना बघतच नाहीत, देवा, हसतायत. बरी आहे म्हणतायत, म्हणजे निघाली इथून — वीट पायाने सरकवली — भिया, मी समोर आहे, दार नका लावू, भिया, दार —